सभेत मान आत घेणारे कासव

सभेत गप्प बसायचे आणि घरी येऊन "आमचे कोण ऐकतो" म्हणून सुस्कारे सोडायचे, अशी ज्यांची रीत आहे, त्यांच्यावर या गोष्टीचा सरळ आरोप आहे. नाव कुणाचे घेत नाही. ज्याचे त्याला कळेल. मुलांनो, तुम्हीही नीट ऐका, कारण मोठे गप्प बसले की भोगावे तुम्हालाच लागते.

एका जंगलातून एक ओढा वाहायचा आणि त्याच्या काठी एक कासव आपल्या लेकीसह राहत असे. घरापासून जवळच, जांभळीच्या झाडाखाली, जंगलाची शाळा भरे. शाळा कुणा एकाची नव्हती, साऱ्या जंगलाची होती. हरणाचे पाडस तिथे बसे, त्याच्या शेजारी उंदराचे पिल्लू बसे, आणि शिकण्यासाठी कुणाला काही द्यावे लागत नसे. वानरगुरुजी शाळेचे मुख्याध्यापक होते. कारभार पाहायला पालकांची एक समिती होती. गवतात राहणाऱ्यांतर्फे हरणी, झाडांवरच्यांतर्फे पोपट, रानातल्या बिळांतल्यांतर्फे साळिंदर आणि पाण्याकाठच्या सगळ्यांतर्फे, तिथल्या उंदरांसकट, आपले कासव. जुना नियम असा की, पालकांना विचारल्याशिवाय शाळेत काहीही बदलायचे नाही.

विचारायची पद्धतही ठरलेली होती. बोलून मत द्यायचे म्हटले तर पोपटापुढे उंदराचा आवाज कुणाला ऐकू जाणार? म्हणून ठराव मांडला की ज्याची हरकत असेल त्याने मान उंच करायची, ज्याला कबूल असेल त्याने खाली घालायची. एक मान जरी वर दिसली तरी ठराव तिथेच थांबवायचा आणि त्या पालकाचे ऐकून घ्यायचे. पद्धत ठरवणाऱ्यांनी सगळ्यांचा विचार केला होता. फक्त भीती वाटली की मान आतच घेतो, असाही एखादा सभासद असेल, हे त्यांच्या डोक्यात आले नाही.

ओढ्याकाठच्यांनी कासवाला निवडले ते त्याच्या शांतपणामुळे. ते बोलत नाही म्हणजे विचार करत असणार, असा सगळ्यांचा समज होता. कासवानेही तो समज कधी खोडून काढला नाही.

एकदा वानरगुरुजींनी सभा बोलावली. ओढ्याकाठी चिखल होतो, शाळेची शोभा जाते, तेव्हा शाळा वरच्या पठारावर न्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. पठारावर वारा होता, ऐसपैस जागा होती, दुसऱ्या जंगलातून कुणी पाहुणा आला तर अभिमानाने दाखवता येईल असा देखावा होता. गुरुजींचे घरही तिथेच होते, पण ते त्यांनी ओझरते सांगितले.

कासव ऐकत होते आणि मनातल्या मनात पठाराची चढण चढून पाहत होते. आपली लेक ती कशी चढणार? बेडकिणीची पोरे त्या कोरड्या खडकांवर उड्या मारत गेली तर वाटेतच सुकतील. गोगलगायीच्या पोरांबद्दल तर बोलायलाच नको. त्याने मान उंच करायचे ठरवले. ती थोडी वर गेलीही होती.

वानरगुरुजींना एक सवय होती. ठराव मांडून झाला की ते शेपटी फांदीवर फटकन आपटत. त्यात वाईट हेतू नव्हता. डुलक्या काढणारे सभासद जागे व्हावेत एवढेच. पण त्या दिवशी फटका कासवाच्या डोक्यावरच्याच फांदीवर बसला, आणि काय होते आहे हे कळायच्या आत कासवाची मान कवचात गेली.

आतल्या काळोखात त्याने ऐकले, "कासवरावांची मान खाली आहे. हरणीबाईंची खाली आहे. पोपटराव, साळिंदरताई, दोघांच्याही खाली. एकमताने मंजूर."

त्या क्षणी बाहेर यायला हवे होते. चूक झाली, मला विचारायचे आहे, एवढे म्हणायला हवे होते. पण आता मान काढली तर सगळे आपल्याकडे पाहतील, या विचाराने कासव आतच राहिले. सभा पांगली, सगळ्यांच्या पावलांचा आवाज थांबला, तेव्हा ते हळूच बाहेर आले.

घरी परतले तर ओढ्याकाठी सगळे पालक वाट पाहत बसलेले. बेडकीण, उंदरीण, खेकडा, गोगलगाय. शाळा पठारावर चालली हे त्यांना पोपटाच्या बडबडीतून आधीच कळले होते. काय झाले म्हणून त्यांनी विचारले, आणि कासवाने मुलांदेखत, आपल्या लेकीदेखत, सांगून टाकले, "मी खूप बोललो. पण आपलं कोण ऐकतो?"

सगळ्यांना ते लगेच पटले. पटण्यासारखेच होते. उलट आपल्यासाठी एवढा भांडला म्हणून त्यांना कासवाची कीव आली. दुसऱ्या दिवसापासून बेडकीण त्याला ताजे, कोवळे शेवाळ आणून देऊ लागली. "खा हो भाऊ, घसा सुकला असेल तुमचा," असे ती म्हणायची. कासव खाली पाहत शेवाळ चघळत राहायचे.

पठारावर शाळा सुरू झाली. कासवाची लेक रोज उजाडता उजाडता निघे आणि अंधार पडून बराच वेळ झाल्यावर परते. दमलेली असे, पण कुरकुर करत नसे. एके दिवशी कासवाने कौतुकाने विचारले, आज काय शिकलीस? तिने गाऊन दाखवले :

"ऊन उतरले, पंख मिटा रे,
उद्या उजेडी भेटू."

दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हाही तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. कासव हसून म्हणाले, हे गाणे झाले, पण त्याच्या आधी काय शिकवले?

"आधीचं मला माहीत नाही, बाबा," लेक म्हणाली. "मी पोचते तेव्हा गाणंच चालू असतं. ते झालं की सगळे घरी निघतात. पण मला पूर्ण पाठ आहे."

कासवाने जरा वेळाने विचारले, गुरुजी काही बोलत नाहीत का?

"बोलले. आज सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्या घरी लवकर उठायची पद्धत नाही का म्हणून. पोपटाची पोरं हसली."

"मग तू काय सांगितलंस?"

"काही नाही. मी मान आत घेतली. तुम्ही घेता तशी."

लेकीने हे तक्रार म्हणून सांगितले नव्हते. आपण बाबांसारखे वागलो याचा तिला थोडा आनंदच झाला होता. कासवाला मात्र त्या वेळी आपले कवच कुणीतरी काढून घ्यावे आणि आपल्याला उघड्यावर ठेवावे असे वाटले. सभेत आपण काय केले हे लेकीला ठाऊक नव्हते, तरी तिने ते उचलले होते. शाळेत काही शिकायला मिळाले नाही, पण घरी हे शिकून झाले होते.

ते तसेच उठले आणि ओढ्यावर गेले. बेडकीण शेवाळ खुडत होती, खेकडा वाळूत बसला होता, उंदरीण आणि गोगलगाय गप्पा मारत होत्या. कासवाने सगळ्यांना बोलावले आणि पहिल्या दिवशी खोटे सांगितले तिथेच उभे राहून खरे सांगितले. आपण काही बोललो नव्हतो. गुरुजींनी हाकलले नव्हते, कुणी गप्प केले नव्हते. एका मानेने तो ठराव थांबला असता, आणि ती मान आपल्याकडे होती.

मग बेडकिणीने हातातले शेवाळ पाण्यात सोडून दिले.

"आणि मी मेली रोज घसा सुकला असेल म्हणून हे आणत होते," ती म्हणाली. "माझा धाकटा त्या खडकावर तापून निपचित पडला होता, भाऊ. त्याला मी काय सांगितलं ठाऊक आहे? सांगितलं, आपले कासवकाका खूप भांडले, आता सहन कर."

कासवाने मान आत घेतली नाही. घ्यावीशी फार वाटत होती.

उंदरीण हळूच म्हणाली की एकट्या कासवाला बोलून काय उपयोग. त्याला समितीत पाठवले आणि आपण सगळे मोकळे झालो. शाळा जवळ होती तेव्हाही आपल्यातले कुणी आत डोकावले नाही. शिकलेल्यांच्या कामात आपण कशाला, असे म्हणत राहिलो. सभेला कुणाही पालकाला बसता येते, हा नियम तिलाही माहीत होता. एकदाही गेली नव्हती. हे ऐकून गोगलगायीनेही शिंगे खाली केली.

पुढच्या सभेला ओढ्याकाठचे सगळे पालक निघाले. आपल्या पोरांची वाट त्यांनी पहिल्यांदाच पायाखाली घातली. बेडकिणीला दर वळणावर ओल्या पानाखाली बसावे लागले. उंदरिणीने घारीच्या भीतीने उघडा खडक जीव मुठीत धरून ओलांडला. गोगलगाय वाटेत भेटली ती आदल्याच दिवशी निघालेली होती. वर पोचेपर्यंत सगळे दमून गेले होते, आणि आपली पोरे हे रोज करतात हे आता त्यांना कळले होते.

सभा सुरू झालीच होती. ठराव असा होता की, आता जांभळीखालची जागा रिकामीच आहे, तर ती रानडुकरांना लोळायला द्यावी. ती एकदा दिली की शाळा खाली यायची आशा संपली.

एवढे पालक पाहून वानरगुरुजी गडबडले. "समिती आहे की," ते म्हणाले. "सगळ्यांनी कशाला त्रास घेतला? आमच्यावर भरवसा नाही का?"

"आहे की, गुरुजी," बेडकीण म्हणाली. "म्हणूनच तर इतके दिवस आलो नाही. त्या भरवशाचं काय झालं ते पाहायला आलोय."

साळिंदर हसू दाबायला गेले आणि त्याचे काटे खुळखुळले. गुरुजींनी घाईघाईने ठराव वाचला आणि सवयीप्रमाणे शेपटी फांदीवर आपटली. फटका बसला तशी कासवाची मान आत गेली, अर्धी, आपोआप. लेक पुढेच बसली होती. आज शाळेऐवजी सभा होती, म्हणून तीही सगळ्यांबरोबर आली होती. ती बाबांकडे पाहत होती. कासवाने मान बाहेर काढली. ती फारशी उंच नव्हती, पण बाहेर होती.

"माझी हरकत आहे," ते म्हणाले.

गुरुजींनी आठवण करून दिली की शाळा वर आणायला कासवानेच संमती दिली होती, चौघांदेखत.

"ती संमती नव्हती, गुरुजी. मला भीती वाटली होती. नंतर लाज वाटली, म्हणून घरी जाऊन खोटं बोललो." पोपट खुदखुदला. कासव तरी बोलतच राहिले. "माझी लेक रोज उजाडता निघते आणि तुमचं शेवटचं गाणं ऐकून परत जाते. तिला उशीर का होतो हे तुम्ही तिला सगळ्यांसमोर विचारलंत. शाळा हलवण्याआधी ते आम्हाला विचारायचं होतं. आणि तुम्ही विचारलं नाहीत, तर मी सांगायचं होतं."

गुरुजींची शेपटी फांदीवरून खाली लोंबत राहिली. मग हरणीने आपली लांब मान सावकाश वर केली. ती म्हणाली की तिचे पाडस चार उड्यांत वर येते, त्यामुळे इतरांचे काय हे तिच्या मनातच आले नव्हते. साळिंदरानेही मान उचलली. पोपटाने इकडेतिकडे पाहिले आणि सगळ्यांत शेवटी का होईना, मान वर केली.

ठराव थांबला. ऐकून घेणे सुरू झाले ते बराच वेळ चालले, आणि शाळा पुन्हा जांभळीखाली आली. आता वानरगुरुजींना रोज पठारावरून खाली उतरावे लागते. गुडघे दुखतात म्हणून ते कुरकुरतात, पण वेळेवर येतात.

मुलांनो, इथे सगळे गोड झाले असे म्हणायला मला आवडले असते. पण कासवाच्या लेकीचे जे शिकायचे राहिले ते राहिलेच. तिच्या बरोबरीची मुले पुढे गेली आणि तिला लहानग्यांत बसावे लागले. कासव आता अधूनमधून शाळेत जाते आणि मागे बसून ऐकते. लेकीचे कवच त्या लहान पाठींमध्ये उठून दिसते, आणि ते दिसले की आजही त्याची नजर खाली वळते.

तात्पर्य : मुलांच्या शाळेत काय चालले आहे हे विचारणे, आणि पटले नाही तर नाही म्हणणे, हा प्रत्येक आईबापाचा हक्क आहे. आपण गप्प राहिलो की त्या गप्प राहण्यालाच दुसरे होकार समजतात. एरवी फारसा न बोलणारा खेकडा पठारावरून परतताना गोगलगायीला म्हणाला तेही लक्षात ठेवा : "पोरं आपली, शाळा आपली, मग विचारायला लाज कसली? वाटायचीच असेल तर न विचारल्याची वाटू दे."