दयाळ कुठं गेला?

“आणि आवाज? पहाटंचं आवाज कानावर येत्यात का न्हाई?”

धोंडबुवांनी असं विचारलं आणि विश्वंभराने समाधानाने डोळे अर्धे मिटून घेतले. याच प्रश्नाची तर तो केव्हापासून वाट पाहत होता.

“नाही महाराज. होळी झाल्यापासून एकेक कमीच होत गेले. पूर्वी डोळे मिटले की पाखरांचा नुसता गोंगाट. आता बसलो की… सगळं शांत.”

“सगळं?”

“सगळं.”

बुवा नुसते गालात हसले. नीरेकाठच्या त्या लहानशा मठात शब्द कमी आणि हसू फार, अशी त्यांची रीत होती. विश्वंभर शहरातलं घरदार सोडून त्यांच्याकडे आला, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. जप म्हणा, आसन म्हणा, उपास म्हणा, सगळ्यांत तो पुढे. आणि आपण पुढे आहोत हे त्याला जरा लवकरच कळायचं. मन निवांत झालं म्हणून गुरूने आज पाठीवर हात फिरवावा, एवढीच त्याची इच्छा होती.

बुवांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

“दयाळ कुठं गेला रं?”

विश्वंभराच्या अंगावर काटा आला. गुरू कसोटी पाहतो म्हणतात ती हीच, असं त्याला वाटलं. छातीवर हात ठेवून तो गंभीरपणे म्हणाला, “दयाळ अंतरात आहे, महाराज.”

“अंतरात गेला खरा…” बुवा म्हणाले. “पर तुझ्या न्हवं.”

आणि त्यांनी ओसरीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे विश्वंभराची मांजर बसून पंजा चाटत होती.

विश्वंभराला काही उमगेना. बुवा मात्र हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. मग उठले, त्याचा हात धरून त्याला त्याच्याच खोलीच्या मागच्या दाराशी घेऊन गेले आणि तिथल्या तगरीच्या फांद्या त्यांनी बाजूला केल्या.

खाली पिसं पडली होती. काही करडी, काही तपकिरी. वरची काळी आणि पांढरी, अगदी ताजी होती.

तेव्हा कुठे विश्वंभराच्या डोक्यात उजेड पडला. बुवा देवाचं विचारतच नव्हते. मठाच्या कळसावर शेपटी उभारून पहाटे शीळ घालणारा तो काळा-पांढरा पक्षी, त्यालाही दयाळच म्हणतात. तो गेला होता. त्याच्याआधी बहुतेक बुलबुल गेले होते, चिमण्या गेल्या होत्या. आपलं मन शांत झालं असं विश्वंभर समजत होता, आणि इथे पाखरंच उरली नव्हती.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ही मांजर म्हणजे त्याचा जीव की प्राण. नदीकाठच्या काटेरी झुडपात सापडली तेव्हा मुठीत मावेल एवढी होती. कापसाची वात दुधात बुडवून त्याने तिला जगवलं होतं. तो ध्यानाला बसला की तीही शेजारी डोळे मिटून बसायची, म्हणून त्याने तिचं नाव ठेवलं योगिनी. बुवा तिला नुसतं मावशी म्हणत. वाघाची मावशी ती आपली पण, असं त्यांचं म्हणणं.

“पण महाराज, ती तसली नाही,” तो चाचरत म्हणाला. “तिला मी दूधभाताशिवाय काही दिलेलं नाही. मांसमच्छी तिला ठाऊकसुद्धा नाही.”

“तिनं माळ घातलीया व्हय?”

विश्वंभराचा हात आपल्या गळ्याकडे गेला. गळ्यात तुळशीची माळ त्याने घातली होती. मांजरीला कुणी विचारलं नव्हतं.

“बाहेर कवा सोडतोस तिला?”

“पहाटे. ध्यानाला बसलो की हल्ली पायांत घोळते, म्हणून दार उघडून…”

बोलता बोलता त्याची नजर पिसांवर गेली. ती वेळ पाखरांच्या गाण्याची, दाणे टिपायची. आपल्या शांततेसाठी तो रोज नेमाने दार उघडत आला होता.

एवढ्यात स्वयंपाकघरातून अनशाआक्का आली. मठाच्या चुलीचा सगळा कारभार तिच्याकडे. पिसं तिने आधीच पाहिली होती आणि ती मोकळ्या हाताने आली नव्हती. काखेत गुळाचं रिकामं पोतं होतं. मांजरीला पोत्यात घालायची, होडीवाल्याच्या हवाली करायची आणि नदीपल्याड सोडून द्यायची, असा तिचा सरळ हिशेब. आमच्या आईनं असल्या किती तरी सोडल्या, ती म्हणाली.

विश्वंभराने योगिनीला उचलून छातीशी धरलं. घर सोडताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता आलं, आणि ते लपवायचं त्याला सुचलंही नाही. तिला या वयात परक्या गावात कोण विचारणार? कुत्री फाडून खातील. पण ती राहिली तर उरल्यासुरल्या पाखरांचं काय? तो बुवांच्या तोंडाकडे पाहत राहिला.

बुवांनी आक्काला विचारलं, “नदीपल्याड दयाळ न्हाईत व्हय?”

आक्काने पोतं झटकलं, घडी घातली आणि ती मुकाट्याने परत गेली.

तोडगा आपणच काढायचा, असं विश्वंभराने मनाशी घेतलं. चूक आपली, तर अक्कलही आपलीच चालवू. तो बाजारात गेला आणि पितळेची नाजूक घंटी घेऊन आला. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, असं सगळं जग विचारत बसलं. आपण बांधून मोकळे झालो, याचं त्याला मनातल्या मनात कौतुकही वाटलं. योगिनीने मान झटकली, तंगड्या झाडल्या, आणि दिवेलागणीपर्यंत घंटी विसरून गेली.

पहाटे त्याने पुन्हा दार उघडलं. घंटी किणकिणत बाहेर गेली आणि तो निर्धास्त होऊन ध्यानाला बसला.

थोड्या वेळाने घंटी वाजली. मग चिरका आवाज आला, एवढासा. मग काहीच नाही.

तो धावत बाहेर गेला. जास्वंदीखाली बुलबुलाचं पिल्लू पडलं होतं. घरट्यातून नुकतंच उतरलेलं, धड शेपटीही न फुटलेलं. वर फांदीवर आईबाप ओरडत होते. पिल्लाने घंटी ऐकलीही असेल, पण ऐकून करणार काय? उडायचं त्याला अजून यायचंच होतं.

विश्वंभराने ते पिल्लू ओंजळीत घेतलं आणि तसाच बुवांपुढे जाऊन उभा राहिला. त्याला रडू आवरेना. बुवांनी पिल्लावरून एक बोट फिरवलं, आणि या वेळी ते हसले नाहीत.

“घंटी बांधली होती, महाराज.”

“व्हय. ऐकली मी…”

बुवांनी पायाशी आलेल्या योगिनीकडे पाहिलं.

“गळा चुकला तुझा,” बुवा म्हणाले.

त्यांनी योगिनीला मांडीवर घेतलं, तिच्या गळ्यातली घंटी सोडली आणि उठून ते विश्वंभराच्या खोलीकडे निघाले. मागच्या दाराच्या कडीला त्यांनी ती घंटी बांधली. दार एकदा उघडून पाहिलं. घंटी खणखणली. त्यांनी दार लावून घेतलं.

“आता वाजली की मला कळंल,” ते म्हणाले आणि आपल्या ओसरीवर जाऊन बसले.

पुढचं त्यांनी बेताबेताने सांगितलं. दिवस मावळला की मांजर आत. सकाळी ऊन ओसरीच्या पायरीवर आल्याशिवाय ती बाहेर जायची नाही. पाखरांची पिल्लं जमिनीवर उतरतील तेवढे दिवस तर मुळीच नाही. आणि पहाटे ती पायांत घोळली तर ध्यान बाजूला ठेवायचं आणि तिच्याशी खेळायचं. दमेपर्यंत. मग पोटभर खायला घालायचं.

“खायला… दूधभात?” विश्वंभराने भीत भीत विचारलं.

“सुकट.”

आता आली का पंचाईत. गळ्यात माळ, अंगावर छाटी, आणि विश्वंभर बाजारात सुक्या मासळीच्या पाट्यांपुढे उभा. विकणाऱ्या बाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मठात काही निराळा पंथ निघाला का, अशी चौकशी केली. मांजरीसाठी, असं तो तीनदा म्हणाला आणि प्रत्येक वेळी ते जास्तच खोटं वाटत गेलं. आक्काने तर चुलीपाशी फिरकूही दिलं नाही. शेवटी परसात तीन दगड मांडून त्याने मडक्यात सुकट शिजवली. वास मठभर पसरला. बुवा ओसरीवर नाकाला उपरणं लावून बसले होते आणि उपरण्याआड हसत होते.

पहिल्या पहाटे योगिनीने नुसता आकांत मांडला. दाराला नखं मारली, विश्वंभराच्या मांडीवरून उड्या घेतल्या, जपमाळ पळवली. त्याचा हात दोनदा कडीकडे गेला. घंटीला बोट लागणार, इतक्यात त्याने तो मागे घेतला.

मग त्याने जुन्या छाटीची एक चिंधी फाडली, तिला दोरी बांधली आणि जमिनीवरून ओढायला लागला. सुरुवातीला अगदी ताठ बसून, जणू हेही एक व्रतच. योगिनी दबा धरून बसली, ढुंगण हलवलं आणि झेपावली ती चिंधी सोडून थेट त्याच्या शेंडीवर.

विश्वंभर हसला. हसू फुटलं तसं थांबेना. आपण शेवटचं असं कधी हसलो होतो, ते त्याला आठवलं नाही. अंगणापलीकडे बुवांनी ते ऐकलं आणि कूस बदलून ते पुन्हा झोपले.

मग रोजचा हाच परिपाठ झाला. खेळून दमलेली, सुकट खाऊन तुंद झालेली योगिनी ऊन येईपर्यंत घोरत पडायची. बाहेर सोडली तरी ती पायरीवरच लवंडायची आणि माशा मोजायची. आक्का म्हणायची, ही मांजर आहे का जावई?

वैशाखात एका पहाटे कळसावर शीळ वाजली.

विश्वंभर चिंधी हातात धरून तसाच थांबला. नदीपल्याडून आलेला नवा दयाळ असावा. जागा रिकामी दिसली आणि त्याने ती धरली. दोन दिवसांत राखी रंगाची त्याची मादीही आली आणि जोडीने अंगणातल्या उंबराच्या ढोलीत काड्या न्यायला सुरुवात केली. बघता बघता ढोलीतून चिवचिव ऐकू यायला लागली. विश्वंभराला एवढा आनंद झाला की त्याने तो आक्काला दिवसातून दहादा सांगितला. शेवटी तिने त्याला लाटणं दाखवलं.

पिल्लं ढोलीतून उतरली त्या दिवशी मठाचं सगळं काम ठप्प झालं. बुवा ओसरीवर, आक्का स्वयंपाकघराच्या दारात आणि विश्वंभर आपल्या खोलीत कोंडून घेतलेला, खिडकीच्या गजांना नाक लावून, खांद्यावर योगिनी. दोन पिल्लं धडपडत फांदीवर गेली. तिसरं थेट खाली आलं, अंगणाच्या मधोमध. उड्या मारत ते विश्वंभराच्या दाराशीच येऊन बसलं. योगिनीची नखं त्याच्या खांद्यात रुतली. तिचे डोळे असे पेटले होते की ही आपलीच का, असं त्याला वाटलं. त्याने तिला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. बोचकारे निघाले, रक्त आलं, तरी त्याने हूं की चूं केलं नाही.

आईबाप आळीपाळीने अळ्या दाखवत पिल्लाला बोलवत होते. ते तगरीवर चढलं. पडलं. पुन्हा चढलं. आक्काने देवाचं नाव घेतलं. शेवटी ते एकदाचं भुर्रकन उडालं, कसंबसं उंबराच्या खालच्या फांदीला लागलं आणि तिथे झोके घेत बसलं.

कडीची घंटी त्या दिवशी वाजली नाही. पाण्याची घागरही आक्काने खिडकीच्या गजांतून तांब्या-तांब्याने आत दिली.

पिल्लं चांगली उडायला लागली, तसं ऊन वर आल्यावर एका सकाळी विश्वंभर योगिनीला कडेवर घेऊन बुवांकडे आला. उंबरावर नुसता कल्ला चालला होता. त्याच्या हातांवर बोचकाऱ्यांच्या खपल्या होत्या, छाटीला सुकटीचा वास होता आणि चेहरा असा फुलला होता की बुवा बघतच राहिले.

“महाराज, ध्यान काही लागत नाही हल्ली,” तो म्हणाला. “डोळे मिटले की हा गोंधळ. हसूच येतं. पण एक काम मात्र फत्ते झालं.”

“कंचं?”

“योगिनी सुधारली.”

बुवांनी मांजरीला आपल्या मांडीवर घेतलं. तिच्या कानामागे खाजवलं. तिने डोळे मिटले आणि ती घुरघुरायला लागली. बुवांनी विश्वंभराकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा विश्वंभराकडे…

“तिला काय झालं हुतं?”