मुठीत राहिलेला खडा

फार फार जुनी गोष्ट आहे. एवढी जुनी, की तेव्हाच्या राजाचे नावही आता कोणाला आठवत नाही.

डोंगरांत एक थंडगार राज्य होते. हिवाळा आला की तिथले तळे गोठून दगडासारखे होई, आणि लोक लाकडी जोड्यांना हाडाची पाती लावून बर्फावर नाचत. वरच्या खोऱ्यातली एक आणि खालच्या खोऱ्यातली एक, अशा दोघी मुली दरवर्षी राजासमोर नाचत. जी जिंके तिच्या खोऱ्याला राजाच्या रानातले सरपण मिळे. हरणाऱ्यांनी हिवाळा कसा काढायचा, हे राजाने कधी विचारले नव्हते.

निवाड्याला पाच पंच बसत. तिघे राजधानीचे, एक म्हातारी खालच्या खोऱ्याची आणि एक म्हातारा वरच्या खोऱ्याचा. प्रत्येकाला दोन खडे मिळत. पांढरा वरच्या खोऱ्याचा, काळा खालच्याचा. एक घागरीत टाकायचा, दुसरा मुठीत ठेवायचा, आणि शेवटी सर्वांदेखत मूठ उघडायची.

म्हातारा चाळीस वर्षे पंच होता. एवढ्या काळात त्याच्याकडे कोणी बोट दाखवले नव्हते. याचा त्याला अभिमान होता, आणि खरे सांगायचे तर जरा जास्तच होता.

त्या वर्षी खालच्या खोऱ्यातली मुलगी आधी नाचली. अकरा उड्या, एकही चूक नाही. राजधानीच्या तिघांपैकी दोघे पंच बोटांवर उड्या मोजत बसले होते. दुसरे काही पाहायला त्यांना सवड कुठली!

मग वरच्या खोऱ्यातली मुलगी बर्फावर उतरली. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि घरातले सरपण संपत आले होते. तिने उड्या मारल्या तीनच. पण ती अशी नाचली, की काठावर कोणी खोकलेसुद्धा नाही. शेवटी ती हात पसरून नुसतीच सरकत गेली, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

त्याने घाईघाईने डोळे पुसले. ही आपल्या खोऱ्यातली पोर. रडू आले ते नाचामुळे, की ती आपली म्हणून? त्याने मनाला पुन्हा पुन्हा विचारले, पण मन काही धड बोलेना. लोक काय म्हणतील, एवढे मात्र त्याला स्पष्ट ऐकू येत होते.

त्याने काळा खडा टाकला.

घागर पालथी केली. काळे तीन, पांढरे दोन. पंचांनी मुठी उघडल्या. म्हाताऱ्याच्या हातात पांढरा खडा पाहून लोक म्हणाले, "वा! किती सरळ माणूस!" म्हातारीच्या हातात काळा होता. तिने आपल्याच खोऱ्याविरुद्ध खडा टाकला म्हणून तिच्या लोकांनी तिला शिव्या घातल्या.

गर्दी पांगल्यावर म्हातारी त्याच्याजवळ आली. "दादा, हे काय केलंत?"

"बाई, ती आमची पोर. माझ्या डोळ्यांचा काय भरवसा?"

"मग माझ्या डोळ्यांना पाणी का आलं? माझी ती कोण लागते?" म्हातारी म्हणाली. "खरं सांगा. ती परक्याची असती, तर कुठला खडा टाकला असतात?"

"पांढरा," म्हातारा म्हणाला.

तो हिवाळा फार वाईट गेला. वरच्या खोऱ्यातल्या चुली एकेक करून विझल्या. मुलीची आई वाचली नाही. म्हातारा समाचाराला गेला, तेव्हा थंड चुलीतल्या राखेत त्याला हाडाची दोन पाती दिसली.

"पोरी, जोडे जाळलेस?"

"आईला थंडी वाजत होती, आजोबा. घटकाभर तरी ऊब मिळाली तिला." ती त्याच्याकडे पाहत होती, पण आवाजात राग नव्हता. "आणि मला ते ठेवून काय करायचे होते? तुम्हालासुद्धा माझा नाच आवडला नाही. म्हणजे मला नाचता येतच नसणार."

म्हाताऱ्याने बंडीच्या खिशातला पांढरा खडा मुठीत घट्ट धरला. तो तसाच मुठीत ठेवून तो घरी परतला. पुढे तो पंच म्हणून कधी बसला नाही, आणि ती मुलगी पुन्हा कधी तळ्यावर आली नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढे ध्यानात असू द्या: पक्षपात होईल या भीतीने दिलेला निवाडा हाही पक्षपातच असतो.