ताईत शिकलेलं यंत्र

यातला एक शब्द खरा मानून दाखवा, मी तुमचं नाव बदलून शहाणा ठेवते. बसलाय ना? मग ऐका. विश्वास मात्र ठेवायचा नाही.

एका तालुक्याच्या गावात एक दवाखाना होता. तिथं हैबती नावाचा गडी छातीचे फोटो काढायचा. एक्स-रे म्हणतात त्याला. बावीस वर्षांत त्यानं एवढ्या छात्या बघितल्या, की बाजारात भेटलेला माणूस त्याला तोंडानं आठवायचा नाही, बरगड्यांनी आठवायचा.

नियम असा, की फोटोच्या आधी गळ्यातलं सगळं काढायचं. धडधाकट माणसं नोकरीच्या सर्टिफिकेटासाठी यायची, त्यांना हैबती चेन, माळ सगळं उतरवायला लावायचा. पण खरा आजारी? तो आधी देवऋष्याकडं जायचा, गळ्यात तांब्याचा ताईत बांधून घ्यायचा, आणि अगदीच हातपाय गळाले की झोळीतून दवाखान्यात यायचा. ताईताला हात लावला की त्याची म्हातारी आई हंबरडा फोडायची, "नको रे बाबा, तेवढ्यावर जीव अडकलाय त्याचा!" हैबतीचं काळीज लोण्याचं. "असू दे, आई," म्हणायचा. फोटोत छातीवर पांढरी डबी उमटायची. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मग शहरातून केतकी मॅडम आली. हुशार पोरगी, चहा पितानासुद्धा कॉम्प्युटरकडं बघायची, म्हणून निम्मा चहा ओढणीवर. तिनं दवाखान्यातले जुने फोटो आणि केसपेपर कॉम्प्युटरला दाखवले. हा आजारी, हा बरा, हा आजारी, हा बरा, असं दहा हजार वेळा. शेवटी कॉम्प्युटर आपलं आपण सांगायला लागला. आजाऱ्याला लाल दिवा, बऱ्याला हिरवा. जुन्या फोटोंवर एकदाही चुकला नाही.

या यंत्राच्या उद्घाटनाला जिल्ह्याचे साहेब आले. हैबती दोन महिन्यांनी रिटायर होणार, म्हणून त्याच्यासाठीही एक हार आणून ठेवलेला.

पहिला आला बाजी पैलवान. मोटरसायकलवरून पडून बरगडी दुखावलेली, बाकी गडी दगडासारखा. "आईनं ताईत बांधलाय, काढणार नाही," म्हणाला. हैबती म्हणाला, "असू दे." फोटो निघाला. दिवा लाल! पडद्यावर अक्षरं आली, 'फुप्फुस खराब. भरती करा.' पैलवान मटकन खाली बसला.

दुसरी आली यल्लुबाई, खाणीवर दगड फोडणारी. तीन महिने खोकत होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. तिच्या गळ्यात काही नव्हतं. ताईत बांधणारं मागं कुणी नव्हतंच. दिवा हिरवा. 'छाती साफ. घरी जा.' साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बिचारी यल्लुबाईही हसली आणि पिशवी उचलून निघाली.

हैबतीनं तिचा फोटो बघितला. उजवीकडं वर, कापूस पिंजून ठेवावा तसा डाग. मग पैलवानाचा बघितला. दोन्ही फुप्फुसं आरशासारखी, मधे पांढरी डबी. यंत्र रोग ओळखायला शिकलंच नव्हतं, ते ताईत ओळखायला शिकलं होतं! आणि फोटोत ताईत ठेवला कुणी?

बोलावं तर बावीस वर्षं मोडलेला नियम सगळ्यांपुढं उघडा पडणार. गप्प बसावं तर गळ्यात हार. तोवर बाईचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला.

"यल्लुबाई, थांब!" हैबती ओरडला. आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

दवाखान्याचे मोठे डॉक्टर तिथंच होते, ते लालबुंद झाले. "हैबती, सकाळी चहाच घेतलास ना?"

"डॉक्टरसाहेब, माझ्यावर मागनं ओरडा. आधी पैलवानाचा ताईत गळ्यात घाला आणि इथं उभं राहा."

पैलवानानं आता आपणहून ताईत काढून दिला. डॉक्टर तो घालून उभे राहिले. फोटो निघाला. दिवा लाल. 'फुप्फुस खराब. भरती करा.' पैलवानाचा फोटो ताईत काढून घेतला. हिरवा! पैलवान तिथंच मांडी ठोकून नाचला. डॉक्टर मात्र हळूच दोनदा खोकून बघत होते, न जाणो!

केतकी मॅडमचे डोळे भरले. "मामा, दहा हजार फोटो बघितले मी. ते काढणाऱ्याला एकदा पण काही विचारलं नाही."

"पोरी, मीही सांगितलं नाही. निम्मी चूक माझी."

यल्लुबाईच्या थुंकीत टीबी निघाला. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, आता मुकादमाशी भांडायला तिचा दम पुरतो. हैबतीला हार काही मिळाला नाही, मेमो मिळाला. मिळायलाच हवा होता. पण उरलेले दोन महिने केतकी मॅडमनं त्याची खुर्ची आपल्या शेजारी मांडली. एकेक जुना फोटो काढून ती विचारायची, "मामा, हे असं का दिसतं?" आणि कॉम्प्युटरला पहिल्या इयत्तेपासून परत शिकवायची.

तात्पर्य: उत्तर बरोबर आलं म्हणून टाळ्या वाजवू नका, ते कशावरून आलं ते आधी विचारा, आणि चूक आपली असेल, तर दुसऱ्याचा जीव जायच्या आत तोंड उघडा. बघता काय असे? उठा, निघा आता इथनं!