मिरी मुंगी आणि विमानाचं पोट

टेबलाखालच्या भेगेत एक मुंगी राहायची. मिऱ्यासारखी काळी, म्हणून नाव मिरी. मिऱ्याएवढी मोठी मात्र नाही हं. मिऱ्यापेक्षा पुष्कळच लहान. तिची धाकटी बहीण तिच्याहून लहान. तिचं नाव राई.

राईचा पाय मुरगळला होता. सहातला एकच, पण दुखायचा फार. म्हणून राई घरात बसून होती. तिच्या पोटात कावळे ओरडत होते. मुंगीच्या पोटात कावळे कसे मावतात, ते मला विचारू नका.

मिरी निघाली खाऊ आणायला. तुरु तुरु तुरु. टेबलाच्या पायावरून वर. टेबलावर चहाचा कप. कपाशेजारी साखरेचा एक दाणा. एकच. मिरीने तो तोंडात धरला आणि घराकडे वळली.

आणि वाटेत होतं विमान.

ते कुमुदआत्याचं विमान. कुमुदआत्या पूर्वी मोठ्या शेडमध्ये काम करायची. खऱ्या लढाऊ विमानांना रंग द्यायची. आता ती घरी बसून छोट्या विमानांना रंग देते. हे विमान वीतभर होतं. प्लास्टिकचं होतं. पण आत्याने त्याच्या पाठीवर सावली रंगवली होती. कडेला गडद, मध्ये फिकी. सांध्यासांध्यावर काळी पुसट रेघ. मग ते प्लास्टिकचं वाटेचना. पत्र्याचं वाटायला लागलं. आत्ता उडेल, असं वाटायला लागलं.

मिरी पंखावर चढली. इकडे पंख. तिकडे पंख. पंख काही संपेना. मिरीने वर बघितलं. आणखी वर बघितलं. बापरे. केवढं हे.

आणि मिरीच्या तोंडाचा झाला आ.

दाणा पडला. टिपूक. घरंगळत गेला. गड गड गड. विमानाच्या कुशीत एक भोक असतं, त्यातून विमान हवा घेतं. दाणा गेला त्या भोकात. खुडुक.

मिरीने आत डोकं घातलं. डोकंच अडकलं. कसंबसं सुटलं. दाणा राहिला आत. मिरी रडली. मुंगीचं रडणं कुणाला ऐकू जात नाही, पण ती रडली. घरी राई उपाशी होती ना.

मग तिने डोळे पुसले आणि विमानाला म्हणाली,

"विमानदादा, विमानदादा, उलटा हो.
विमान उलटलं की दाणा पडेल.
दाणा पडला की राई जेवेल."

विमान म्हणालं, मी आपला आपण कसा उलटू? पोटाला सावली रंगवायची असली, की मला उलटं करतात. पाठ रंगली माझी. पोट उघडंच राहिलं.

"नाही बाई नाही. आधी सावली, मग दाणा."

मिरी पंखावरून उतरली. तुरु तुरु तुरु. गेली कुंचल्याकडे. कुंचला पेल्यात उभा होता. मिरीने वर बघितलं. आणखी वर बघितलं. बापरे. केवढा हा. अशोकाच्या झाडाएवढा उंच, आणि शेंड्याला केस.

"कुंचलेबुवा, कुंचलेबुवा, सावली द्या.
सावली आली की विमान उलटेल.
विमान उलटलं की दाणा पडेल.
दाणा पडला की राई जेवेल."

कुंचला म्हणाला, माझे केस बघ. कालचा रंग वाळलाय. सगळे चिकटून ताठ झालेत. अशा केसांनी सावली देईन, तर ओरखडे उठतील.

"नाही बाई नाही. आधी अंघोळ, मग सावली."

मिरी निघाली. तुरु तुरु तुरु. गेली वाटीकडे. वाटी गोल होती. मिरी काठावर चढली आणि चालायला लागली. चालली, चालली, चालली. पुन्हा तिथेच आली. बापरे. केवढी ही. हिला तर शेवटच नाही.

"वाटीताई, वाटीताई, कुंचल्याला न्हाऊ घाल.
कुंचला न्हाला की सावली येईल.
सावली आली की विमान उलटेल.
विमान उलटलं की दाणा पडेल.
दाणा पडला की राई जेवेल."

वाटी म्हणाली, घातलं असतं गं, पण मी कोरडी ठणठणीत. माझ्यात थेंब नाही.

"नाही बाई नाही. आधी पाणी, मग अंघोळ."

मिरीचे पाय दुखायला लागले. सहाच्या सहा. पण राई उपाशी होती. मिरी निघाली. तुरु तुरु तुरु. गेली तांब्याकडे. तांब्या पितळेचा. लखलखीत घासलेला. मिरीने वर बघितलं. आणखी वर बघितलं. तांब्यात दुसरी मिरी. तिच्यामागे उलटंपालटं विमान. सगळं टेबल त्या तांब्यात. बापरे. केवढा हा.

"तांब्यामामा, तांब्यामामा, पाणी द्या.
पाणी आलं की वाटी भरेल.
वाटी भरली की कुंचला न्हाईल.
कुंचला न्हाला की सावली येईल.
सावली आली की विमान उलटेल.
विमान उलटलं की दाणा पडेल.
दाणा पडला की राई जेवेल."

तांब्या म्हणाला, पाणी मस्त आहे, काठोकाठ आहे. पण माझ्या डोक्यावर भांडं पालथं आहे. ते निघाल्याशिवाय पाणी निघत नाही.

"नाही बाई नाही. आधी भांडं, मग पाणी."

मिरीने भांडं ढकललं. हुं. पुन्हा ढकललं. हुंऽऽ. भांडं हललंसुद्धा नाही. मुंगीने ढकलून भांडी हलली असती, तर स्वयंपाकघरात काही जागेवर राहिलं असतं का?

भांडं उचलतो हात. मिरी गेली हाताकडे. तुरु तुरु तुरु. हात होता आत्याचा. उजवा. टेबलाच्या कडेला शांत पडला होता. मिरीने बघितलं. पाच बोटं. बोटांवर रंगाचे डाग. करडा, काळा, निळा. तळव्यावर रस्तेच रस्ते. बापरे. केवढा हा. याच हाताने विमानाची पाठ रंगवली.

"हातभाऊ, हातभाऊ, भांडं उचला.
भांडं उठलं की पाणी येईल.
पाणी आलं की वाटी भरेल.
वाटी भरली की कुंचला न्हाईल.
कुंचला न्हाला की सावली येईल.
सावली आली की विमान उलटेल.
विमान उलटलं की दाणा पडेल.
दाणा पडला की राई जेवेल."

हात म्हणाला, मी कुठे माझ्या मनाचा? मी आत्याचा. तिने मनावर घेतलं तर मी हलतो. नाहीतर बसतो.

"नाही बाई नाही. आधी आत्या, मग भांडं."

आता आली का पंचाईत. आत्या म्हणजे केवढी. मिरी मनगटावर चढली. कोपरावर चढली. खांद्यावर चढली. मध्येच तिला वाटलं, चावावं का एकदा? नको. जिच्या घरची साखर खायची, तिलाच चावायचं? शोभतं का ते?

तुरु तुरु तुरु. मिरी पोचली कानापाशी. आत वाकली. आणि होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढला.

"आत्या, आत्या, मनावर घे.
मनावर घेतलं की हात हलेल.
हात हलला की भांडं उठेल.
भांडं उठलं की पाणी येईल.
पाणी आलं की वाटी भरेल.
वाटी भरली की कुंचला न्हाईल.
कुंचला न्हाला की सावली येईल.
सावली आली की विमान उलटेल.
विमान उलटलं की दाणा पडेल.
दाणा पडला की राई जेवेल."

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग ती हसली. म्हणाली, विमान झालंय की पूर्ण. आता ते चाकांवर उभं राहणार, फळीवर बसणार. पोट जाणार खाली. शेडमध्ये होते तेव्हा पुष्कळ पोटं रंगवली गं. उताणं पडून रंगवायची. हात भरून यायचे. रंग टपकायचा, तो नेमका नाकावर. आता पुरे झालं.

"आणि पोट कोण बघतं?" आत्या म्हणाली.

मिरी कानात आणखी वाकली. मग म्हणाली,

"मी बघते, आत्या. आम्ही खालूनच बघतो. आम्हाला विमान म्हणजे पोटच."

आत्याने विमानाकडे बघितलं.

तिला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाईट वाटलं. शेडमध्येसुद्धा पोटं कुणी बघत नसे. तरी तिने एकाही विमानाचं पोट उघडं सोडलं नव्हतं. मोठमोठ्या विमानांचं नाही सोडलं, आणि या वीतभर पिल्लाचं सोडलं? आत्याने चष्मा पुसला. डोळ्यांवर चढवला.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "चल, देऊ सावली."

मग काय झालं?

आत्याने मनावर घेतलं, तसा हात हलला.
हात हलला, तसं भांडं उठलं. टण्ण.
भांडं उठलं, तसं पाणी आलं. खळ खळ खळ.
पाणी आलं, तशी वाटी भरली. डब डब डब.
वाटी भरली, तसा कुंचला न्हाला. छप छप छप.
कुंचला न्हाला, तशी सावली आली. काळी, मऊ, केसांच्या टोकावर बसून आली.
सावली आली, तसं विमान उलटलं. गर्रर्र.
विमान उलटलं, तसा दाणा पडला. टिपूक.

मिरीने दाणा उचलला आणि ती पळाली. तुरु तुरु तुरु तुरु. टेबलाच्या पायावरून खाली. भेगेतून आत.

दाणा आला, तशी राई जेवली. कुट कुट कुट. कावळे गप्प झाले.

पोट भरल्यावर राईने विचारलं, एवढा वेळ कुठे होतीस? मिरीने विमानाची गोष्ट सांगितली. राईला काही ते पटेना. कुठे एवढं मोठं काही असतं का? मिरी म्हणाली, बस माझ्या पाठीवर. राई बसली. मिरी पुन्हा वर चढली. या वेळी सावकाश, कारण राई पोटभर जेवली होती.

टेबलावर आत्या रंगवत होती. कुंचल्याला थोडासा काळा रंग. तो फडक्याला पुसायचा. पुसून उरेल तेवढाच लावायचा. सांध्यावर एक रेघ. फूऽऽ. बोटाने पुसट करायची. दुसरा सांधा. दुसरी रेघ. फूऽऽ. आत्याची जीभ दातांत आली होती. चहा गार झाला होता. तिला कशाचं भान नव्हतं.

हळूहळू पोट बदललं. कडा गडद झाल्या. मधलं अंग उजळ झालं. चाकांच्या दारांपाशी काजळी आली. जिथून आग निघते, त्या शेपटाखाली भाजल्यासारखं तपकिरी झालं. प्लास्टिक कुठे गेलं, कोण जाणे. पत्रा आला. पत्र्याला वजन आलं.

आत्याने रंग वाळू दिला. मग विमान चाकांवर उभं केलं. टक. टक. टक. तीन चाकं.

मिरी आणि राई विमानाखाली गेल्या. राई पाठीवरून उतरली. दोघींनी वर बघितलं. आणखी वर बघितलं. वर आभाळाएवढं पोट. या टोकापासून त्या टोकापर्यंत पोट. त्यावर सावल्या. एकही सांधा सुटला नव्हता. राईच्या तोंडाचा झाला आ. मिरीला सगळं माहीत होतं, तरी तिच्याही तोंडाचा झाला.

टेबलाला काहीतरी मऊ टेकलं. तो होता आत्याचा गाल. आत्याने मान वाकडी केली होती. एक डोळा मिटला होता. दुसऱ्या डोळ्याने तीही खालून बघत होती. तीस वर्षं विमानांना रंग दिला, पण मुंगीएवढं होऊन खालून बघायचं तिला आजच सुचलं.

"बापरे," आत्या हळूच म्हणाली. "केवढं हे."

दाणा गेला राईच्या पोटात, गोष्ट आली तुमच्या कानात.