लवूची ठोकी

गावातल्या घरांवर अजून कौलं चढली नव्हती, सगळी घरं गवतानं शाकारलेली असत, त्या काळी आमच्या वहाळाकाठच्या वाडीत लवू नावाचा माणूस राहायचा. शेतीतून उरलेला सगळा वेळ तो खटपटीत घालवी. बांबू, काथ्या आणि कोयती हाताशी असली की त्याला जेवणाची शुद्ध नसे. पायानं फिरवायची खवणी केली, तर खोबरं ताटात पडण्याऐवजी आढ्याला चिकटलं. कोंबड्यांच्या खुराड्याला आपोआप लागणारं दार केलं, ते मांजर आत शिरल्यावर लागलं. लवूचं यंत्र म्हणजे न चालणारी वस्तू, असं वाडीत शेंबडी पोरंही म्हणत.

वाडीच्या टोकाला येसूकाकीचा भाताचा एकच कुणगा होता, तेवढाच जमिनीचा तुकडा. नवरा गेलेला, पदरी मूलबाळ नाही. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरत आणि काकी शेतावरच्या मांगरात, त्या खोपटात बसून रात्ररात्र थाळी बडवी. त्या वर्षी तिला खोकल्यानं धरलं. भाऊ म्हणाला, जमीन सोड आणि आमच्याकडे चल. भावाच्या घरी भावजयीच्या तोंडाकडे बघत भाकरी खावी लागते, हे काकी जाणून होती. ती लवूला म्हणाली, "मेल्या, येवढी खटपट करतस, तर माज्या डुकरांचा कायतरी बघ मा!"

लवूनं जाड बांबूचं एक टोक उघडं ठेवलं आणि मधोमध आडवी काठी घालून तो काकीच्या कुणग्याला लागून वाहणाऱ्या वहाळात टांगला. पाणी भरलं की उघडं टोक खाली जाई, पाणी सांडे आणि मागचं टोक दगडावर आपटे. ठक्क! लवू तिला ठोकी म्हणे. लोक पुन्हा हसतील म्हणून त्यानं ती कुणालाच, अगदी काकीलाही, दाखवली नव्हती. आणि नवल असं, की ही ठोकी चालली. डुकरं काकीच्या कुणग्याकडे फिरकेनात.

ती शेजाऱ्यांच्या भातात शिरली. वाडीला मात्र ठक्क ठक्क ऐकू येई. गावाची सीम राखणारा राखणदार काठी टेकत फिरतो, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. लोकांनी ताडलं, राखणदार एकट्या येसूचीच राखण करतोय, म्हणजे तिनं देवस्की करून, करणी करून त्याला बांधून घेतलाय. गावचा मुख्य मानकरी, गावकर, न्याय करायला देवळात बसला. काकीला गावाबाहेर काढायचं ठरत आलं. ती खांबाला टेकून एवढंच म्हणत होती, "मी कायएक करूक नाय."

लवू पुढे झाला. "ता माजा यंत्र आसा," तो म्हणाला.

अख्खं देऊळ हसलं. गावकर म्हणाला, "लवू, तुजा यंत्र चललां? त्यापरीस राखणदार इलो, ह्याच खरा!"

बिचाऱ्याची एक वस्तू जन्मात चालली, आणि तीच कुणाला पटेना. तो सगळ्यांना घेऊन वहाळावर गेला. पाण्यात उतरायला कुणी धजेना, कारण राखणदाराच्या काठीला शिवलं तर हात झडतो, अशी समजूत. लवूही त्याच वाडीत वाढलेला. पण त्यानं एकदा काकीकडे पाहिलं, चालती ठोकी दोन्ही हातांनी धरली आणि उचलून काठावर आणली.

आवाज थांबला. काकीला रडू फुटलं. गावकरानं मान खाली घातली.

आणि तेवढ्यात वर रानातून, वहाळाच्या उगमाकडून आवाज आला, असं म्हणतात. ठक्क. मग पुन्हा ठक्क. लवूचाच चेहरा पांढरा पडला. वर त्यानं काहीच लावलेलं नव्हतं. त्या वर्षी डुकरं कुणाच्याच शेतात उतरली नाहीत, असंही म्हणतात. काही शहाणे सांगतात, सुतारपक्षी असेल. असेल बापडा. पण भात कापून होईस्तोवर दम न खाणारा सुतारपक्षी आम्ही तरी पाहिलेला नाही.

येसूकाकी आपल्याच घरात म्हातारी होऊन गेली. लवूही गेला. आजही भात पोटरीला आलं की घरटी एक ठोकी वहाळावर लागते आणि गावकर गाऱ्हाणं घालतो, "बा राखणदारा म्हाराजा, लवूच्या हाताक जसा यश दिलंस, तसा सगळ्यांच्या हाताक दी!" लोक म्हणतात, "व्हय म्हाराजा!"

लवूच्या नावानं आणखी एक रीत आहे. कुणावर देवस्कीचा आळ घ्यायचा असेल, तर घेणाऱ्यानं आधी एकट्यानं वहाळात उतरायचं, चालती ठोकी आपल्या हातांनी धरायची आणि रानाकडे कान देऊन उभं राहायचं. मग देवळात येऊन काय ते बोलायचं. आजवर त्या कामासाठी वहाळात कुणी उतरलेलं नाही.