नासक्या दुधाच्या एकवीस पणत्या

एका राज्यात दूध तापत नव्हतं, फाटत होतं. गाईचं फाटे, म्हशीचं फाटे, शेळीचंही फाटे. चुलीवर पातेलं चढवावं, पहिली वाफ यावी, आणि हिरवट पाणी वेगळं, पांढऱ्या गुठळ्या वेगळ्या. असं एक दिवस नाही, दोन दिवस नाही, बारा वर्षं चाललं होतं.

त्या राज्याची रीत अशी होती की ज्याच्या घरी दूध फाटलं त्याने ते झाकून न्यावं, उत्तर वेशीबाहेरच्या खळग्यात ओतावं, मागे वळून पाहू नये आणि सूर्यास्तापर्यंत कुणाला शिवू नये. आता दूध रोजच फाटे आणि घरोघरी फाटे. म्हणजे दिवसाउजेडी कुणीच कुणाला शिवत नसे. लेकरू पडलं तर आई लांबून "ऊठ हो राजा" म्हणे. लग्नं लागत ती दिवेलागणीनंतर, घाईघाईत. पण रीत मोडायचं कुणाच्या मनात आलं नाही. रीत वडीलधाऱ्यांनी घालून दिली होती, आणि वडीलधाऱ्यांना 'का' विचारायचं नसतं. का विचारायचं नसतं, हेही विचारायचं नसतं.

त्या राज्यात दवणी नावाची मुलगी होती. वय अठरा, जीभ तिखट. तिची आई राजाच्या मुदपाकखान्यात सुगरण होती. बारा वर्षांपूर्वी राज्यातलं पहिलं दूध फाटलं ते तिच्या चुलीवर. तेव्हा मुदपाकखान्याचा मुख्य, महाबल्लव रंभोजी, दरबारात उभा राहून म्हणाला होता, "हिचाच हात वाईट." दरबारातल्या सगळ्या पांढऱ्या दाढ्या हलल्या. मग जांबूर मांत्रिकाने भस्माची चिमूट फुंकली, आणि दवणीची आई जागच्या जागी मातीची भट्टी झाली. कमरेएवढी उंच, पोट गोल, पुढे काळं तोंड. मुदपाकखान्याच्या अंगणात बारा वर्षं ती उभी होती. तिच्यात कुणी जाळ घातला नाही.

दवणी राजाच्या पाकशाळेत शिकायला राहिली आणि दोन वर्षांत सोडून आली. दोन वर्षांत तिला एकच विद्या मिळाली: रंभोजीने करपवलेल्या भाताला 'खरपूस' म्हणायचं. एक दिवस ती म्हणाली, "महाबल्लव, हा भात करपलाय." त्या दिवसापासून पाकशाळेचं दार तिला बंद झालं. तिनेही ते दोनदा ठोठावलं नाही.

एकदा दवंडी पिटली गेली की येत्या पौर्णिमेला भर दुपारी महाराजांसमक्ष अंगणातली जुनी भट्टी फोडून तिथे महाबल्लवांचा संगमरवरी पुतळा बसणार. पौर्णिमेला चार दिवस होते.

दवणी उत्तर वेशीवर जाऊन बसली. खळग्यात दुधाच्या गुठळ्यांचा ढीग पांढरा शुभ्र दिसत होता. बाजूच्या बोरीवर भारद्वाज पक्षी येऊन बसला. तांबडे पंख, लाल डोळा.

"रडतेस काय?" भारद्वाज म्हणाला.

"रडत नाही. दगड शोधतेय. रंभोजीच्या टाळक्यात घालायला."

"दगडाने पुतळे होतात, माणसं सुधरत नाहीत. ऐक. मला पाहिलं की लोक शुभ शकुन म्हणून हात जोडतात, पण मी काय पाहिलं ते कुणी विचारत नाही. बारा वर्षांपूर्वी मी राजवाड्याच्या वळचणीला होतो. राज्याभिषेकाच्या पंगतीला एक रानजोगीण आली. तिने द्रोणातून छेना आणला होता. लिंबू पिळून मुद्दाम फाडलेलं दूध, वर मध. रंभोजीने वाकून पाहिलं, 'नासकं!' म्हणून ओरडला आणि द्रोण लाथेने उडवला. म्हातारे हसले. राजा तेव्हा वीस वर्षांचा, म्हाताऱ्यांकडे बघून तोही हसला. जोगीण म्हणाली, 'जे नासकं म्हणून लाथाडलंत तेच तुमच्या घरोघरी नांदेल. राजा कळून-सवरून, आपल्या हाताने ते खाईल, तेव्हाच दूध दूध राहील.' दुसऱ्या दिवशी तुझ्या आईच्या चुलीवर दूध फाटलं."

दवणी उठून उभी राहिली. "म्हणजे पंगतीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं?"

"सगळ्यांना."

"आणि बारा वर्षं गप्प?"

"म्हातारी माणसं," भारद्वाज म्हणाला, "चूक गिळतात आणि ढेकर दुसऱ्याच्या नावाने देतात."

"पक्षीराज, माझ्या आईचं काय?"

"जांबूरचा मंत्र खोट्या आळावर बांधलाय. आळ घेणाऱ्याच्या तोंडून खरं निघालं की मंत्र तुटला. तीन गोष्टी आण. कातळकड्याच्या आग्या माश्यांचा मध, तो चाखणाऱ्याच्या जिभेला खोटं बोलता येत नाही. नागाच्या ठेव्यातला सुका मेवा. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत सोपी, म्हणून ती कुणीच केलेली नाही."

"कोणती?"

"फाटलेलं दूध वेशीवर न टाकता घरी ठेवणं."

पहिल्या दिवशी दवणी कातळकड्यावर चढली. मोहोळ हत्तीएवढं लोंबत होतं. माश्या एका सुरात बोलत.

"मध कशाला?"

"आईला सोडवायला."

एक माशी येऊन तिच्या कानाच्या पाळीला कडकडून डसली. "अर्धं खरं सांगणाऱ्याला एक डंख. उरलेलं सांग."

"आणि रंभोजीची भर दरबारात फजिती बघायला," दवणी कान चोळत म्हणाली. "खूप बघायचीय. कित्येक वर्षं तेवढ्यावरच जगतेय."

सगळं मोहोळ हसलं. हसताना मध आपोआप ठिबकला, तेवढ्याने तिने सोबत आणलेला पोकळ भोपळा भरला.

दुसऱ्या दिवशी ती वारुळाच्या भुयारात उतरली. आत सातशे राजांनी पुरलेलं सोनं, आणि सोन्यावर वेटोळं घालून म्हातारा नाग. भुयारात जागोजागी सोन्याची माणसं उभी होती. कुणाच्या मुठीत हार, कुणाच्या खिशात मोहरा.

"घे काय हवं ते," नाग जांभई देत म्हणाला. "सोन्याचा एक कण घेऊन दार ओलांडलंस, तर तूही यांच्यात उभी राहशील."

"सोनं नको. मला मेवा हवाय."

नागाने फणा उचलला. "काय हवंय?"

"अक्रोड. चारोळी. ते बघा, कोपऱ्यात खारीने साठवून ठेवलेत."

"हजार वर्षं झाली," नाग म्हणाला, "आजवर कुणी त्या कोपऱ्याकडे पाहिलं नाही. हे सोनं टोचतं गं पाठीला. घे. खारीचा अर्धा वाटा मात्र ठेव, ती फार चिडकी आहे."

दवणीने एक अक्रोड हातात घेतला. टरफलाच्या सुरकुत्यांत सोन्याची धूळ चमकत होती. ती तिथेच मांडी घालून बसली, एकेक अक्रोड दगडाने फोडला, गर काढला, टरफलं तिथेच टाकली. चारोळी फुंकून फुंकून घेतली. नखं दाताने कुरतडून थुंकली, ओढणी झटकली आणि दार ओलांडलं. काही झालं नाही. मागून नाग म्हणाला, "आईला नमस्कार सांग."

तिसऱ्या दिवशी ती कुंभारवाड्यात गेली. कुंभारीण आजी झाकलेलं पातेलं डोक्यावर घेऊन वेशीकडे निघाली होती.

"आजी, ते दूध मला द्या. आणि एकवीस पणत्या."

आजी दोन पावलं मागे सरली. "शिवू नको गं! विटाळ लागेल!"

"लागू दे. मला घरी वाट बघणारं कुणी नाही."

आजीने आजूबाजूला पाहिलं. मग लांबूनच, अगदी हळू म्हणाली, "कुणाला सांगू नको हं. मी रोज चाखते. वेशीपर्यंत जाताना, पदराआड. गोड लागतं बाई."

"बारा वर्षं?"

"बारा वर्षं."

"मग बोलला का नाहीत?"

"लोक काय म्हणतील?"

"आजी," दवणी म्हणाली, "लोकही पदराआड चाखतच असतील."

आजीने पदर खोचला. मग तिने पातेलं खाली ठेवलं आणि शेजारणींना हाक मारली. आधी एक आली, मग चार, मग अख्खी आळी. प्रत्येकीच्या हातात झाकलेलं पातेलं, प्रत्येकीचा चेहरा चोरी पकडल्यासारखा.

पौर्णिमेच्या सकाळी दवणी अंगणात आली. पहारेकऱ्याने भाला आडवा धरला.

"दादा, रीत ठाऊक आहे ना? चूल मोडायची तर आधी तिच्यावर शेवटचं काही शिजवावं आणि घरधन्याने ते खावं. नाहीतर घर उपाशी राहतं."

"ही रीत कुणी घातली?"

"रंभोजींच्याच आजोबांनी."

पहारेकऱ्याने भाला बाजूला घेतला.

दवणीने फाटलेलं दूध फडक्यात ओतलं, गाठ मारून पिळलं, वर पाटा ठेवला. पाणी निथळून गेलं आणि मऊ छेना उरला. तो तिने तळहाताने मळला. गुठळी उरू दिली नाही. त्यात मध घातला, चारोळी घातली. पणत्यांना आतून अक्रोडाचा गर घासला, तेवढंच तेल पुरलं. मग एकेक पणती भरली आणि वर अर्धा अर्धा अक्रोड रोवला.

भट्टीत चार काटक्या घातल्या. आईने लहानपणी शिकवलं होतं, आत हात धरावा आणि आकडे मोजावेत. पाचला हात ओढावा लागला तर आच जहाल, पंधरापर्यंत टिकला तर आच मवाळ, दहाला ओढावा लागला तर बरोबर. दवणीने हात आत घातला. काटक्या चारच, पण भट्टीची भिंत आपणहून तापत गेली. आठ, नऊ, दहा. तिने पणत्या आत सरकवल्या.

"आई," दवणी म्हणाली. आच दहावरच टिकून राहिली.

दुपार झाली. महाराज सौम्यकेतू आले. मागे दाढ्यांची रांग, जांबूर मांत्रिक, आणि घण घेतलेले चार गडी. दवणीने ताट पुढे केलं. एकवीस पणत्या, वरून बदामी, कडेला मध बुडबुडत होता. वास असा सुटला की गड्यांनी घण खाली ठेवले.

"काय आहे हे?" महाराजांनी विचारलं.

"शेवटचा नैवेद्य, महाराज. घरधन्याने खायचा."

"थांबा!" रंभोजी पुढे घुसला. "महाराजांआधी महाबल्लवाने चाखायचं. रीत आहे!"

"आहेच," दवणी म्हणाली. "घ्या की, आजोबा."

रंभोजीने एक पणती उचलली, बोट घातलं, चाखलं. डोळे मिटले. दुसरं बोट घातलं. मग पणती चाटून पुसून घेतली आणि तोंड उघडलं.

"उत्तम! अगदी—" रंभोजी म्हणाला, आणि जीभ भलतीकडेच वळली. "अगदी त्या जोगिणीच्या द्रोणासारखं! तो मीच लाथाडला. तिचं बरं असेल आणि माझं मागे पडेल या भीतीने लाथाडला. हिच्या आईचा काही दोष नव्हता. कुणाच्या तरी माथी मारायचं होतं, ती समोर होती. आणि भात मला कधीच जमला नाही. रोज करपतो!"

त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. दाढ्या जमिनीकडे पाहू लागल्या. भट्टीला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

महाराजांनी पणती उचलली. हात ओठांपाशी आला.

"महाराज, आधी ऐका," दवणी म्हणाली. "हे फाटलेलं दूध आहे. तुमच्या रीतीप्रमाणे नासकं. फसवून खायला घालणार नाही."

महाराजांचा हात थांबला. त्यांनी दाढ्यांकडे पाहिलं. बारा वर्षांत दाढ्यांकडे न बघता त्यांनी साधी शिंकसुद्धा दिली नव्हती. दाढ्यांनी नकारार्थी माना हलवल्या.

"महाराज," दवणी म्हणाली, "दात तुमचे आहेत."

महाराजांनी आपल्या हाताने घास घेतला. चावला. गिळला. मग त्यांच्याही जिभेवर मध चढला.

"त्या दिवशी मला हसायचं नव्हतं," ते म्हणाले. "वास फार छान होता. मला तेव्हाच खायचं होतं."

त्याच क्षणी मुदपाकखान्यातल्या पातेल्यात दूध उकळलं, वर आलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा नुसतंच उतू गेलं. भट्टी दुभंगली. राखेतून दवणीची आई उठली. केसांत काजळी, कपाळावर माती. तिने ताटातली एक पणती उलटी करून तळ पाहिला.

"तळाशी किंचित लागलंय गं," आई म्हणाली.

"तूच जास्त तापलीस!" दवणी म्हणाली, आणि भर उन्हात, सगळ्या राज्यासमोर, तिने आईला मिठी मारली. कुणी म्हणालं नाही, शिवू नको. कुंभारीण आजीने पहारेकऱ्याला मिठी मारली. पहारेकऱ्याने गड्याला. जांबूर मांत्रिक कुणी मिठी मारेल म्हणून हात पसरून उभा होता. त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही.

महाराजांनी विचारलं, "रंभोजीला शिक्षा कोणती, सुगरणबाई?"

"त्याला अक्रोड फोडायला बसवा," आई म्हणाली. "त्यात करपण्यासारखं काही नाही."

पुतळ्याचा संगमरवर फोडून त्याचे पोळपाट केले. वेशीचा खळगा बुजवून तिथे लिंबाची बाग लावली. पाकशाळेचं दार दवणीला उघडलं. ती आत गेली आणि तिने पहिल्याच दिवशी पाटीवर लिहिलं: करपलेल्याला करपलंच म्हणावं.

सगळं सुरळीत झालं. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज स्वतः मुदपाकखान्यात आले. पातेल्यात पांढरं, घट्ट, अखंड दूध होतं. महाराजांचा चेहरा पडला.

"हे फाटत नाही?"

"आता नाही फाटत, महाराज."

"मग पणत्या?"

आईने दवणीकडे पाहिलं. दवणीने लिंबू कापून अर्धी फोड महाराजांच्या हातात दिली. महाराजांनी मागे वळून पाहिलं. दाढ्या कुठेच नव्हत्या. मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि आपल्या हाताने, हसत हसत, राज्यातलं पहिलं चांगलं दूध फाडलं.

ज्यांनी खरं सांगितलं त्यांच्या वाट्याला मध येवो. ज्यांनी झाकून ठेवलं त्यांनी अक्रोड फोडायला बसावं.