बकुळीचा वास

"…आणि तेवढा भाग काढल्यावर देवच गेला तर, बाबा?"

हा प्रश्न पुंजारामने त्या आठवड्यात कितव्यांदा विचारला, देव जाणे. टेकडीवरच्या मठाचे म्हातारे महंत गिरीबाबा एका हाताने मेथी निवडत होते. त्यांनी जुडी खाली आपटली.

"दुपारपर्यंत दवाखान्यात कळवायचंय ना? मग माझं डोकं का खातोस?"

पुंजाराम त्यांचा शिष्य. लहानपणापासून त्याला फिट यायच्या. आधी बकुळीचा वास येई, डोळ्यांपुढे उजेड दाटे, पुढचं काही आठवत नसे. गावाने या फिटलाच देवाचं दर्शन म्हणायला सुरुवात केली. पुंजारामलाही ते गोड लागलं.

गोळ्या बदलून बदलून दमल्यावर डॉक्टरांनी तपासण्या केल्या. मेंदूत एका बाजूला छोटा व्रण आहे, म्हणाले, फिट तिथूनच उठतात. तेवढा भाग कापून काढता येईल. नाहीतर बारीक छिद्रातून लेझरने जाळता येईल. तेही नको असेल तर मानेतल्या नसेला हलके झटके देणारं एक यंत्र छातीच्या कातडीखाली बसवता येईल, पण त्याने फिट बहुतेक कमीच होतात, थांबत नाहीत.

"वाससुद्धा त्याच जागेतून येतो म्हणे," पुंजाराम म्हणाला. "म्हणजे देव तिथेच येतो ना?"

"मला काय ठाऊक? मी उघडून बघितलंय का?"

"यंत्र बसवलं तर दोन्ही राहील. थोडी फिट, थोडा देव."

"वा रे वा! आमटीत मीठ घालतोयस का?"

पुंजाराम चिडून म्हणाला, "तुम्हाला नाही कळायचं. मला दर्शन झालं की लोक पाया पडतात माझ्या."

"पडतात तर! परवा तू चुलीपाशी कोसळलास. तोंडाला फेस. लोक पायांवर नारळ ठेवत होते. तुला कुशीवर वळवायचं एकालाही सुचलं नाही."

"मग वळवलं कोणी?"

बाबांनी उजव्या हाताचं फडकं सोडलं. अंगठा सुजून काळानिळा झाला होता. नखाखाली दातांच्या खुणा.

पुंजारामला वाटलं होतं, बाबांना विळी लागली.

"जीभ चावशील म्हणून घातला. तोंडात काही घालायचं नसतं, डॉक्टरांनी आपल्या दोघांनाही बजावलं होतं. पण मी तरी कुठला शहाणा!"

…

पुंजारामने अंगठ्याकडे बघितलं. मग त्याने खिशातून फोन काढला. डॉक्टरांचा नंबर शोधला. बोट तिथेच अडलं.

"बाबा… वास कायमचा गेला तर मी काय करू?"

बाबांनी अर्धी मेथी त्याच्यापुढे सरकवली.

"माझ्या शेजारी येऊन बस. मला तरी आयुष्यात कधी कसला वास आलाय?"